पानें हलकीं आलीं म्हणून डाव टाकावा काय ?

पालघरच्या आमच्या घरांत गणपतीचे दिवस आणि पत्ते यांची फारकत कधीं झाली नाहीं. रात्रींची आरती आटोपली, जेवणें उरकलीं, म्हणजे ओटीवर सतरंजी पडे आणि मेंढीकोटाचा डाव बसे. वडील एका बाजूस, काका दुसऱ्या बाजूस, आणि ज्या मुलास त्या दिवशीं पाढे बिनचूक आले असतील त्यास भिडू म्हणून बसण्याचा मान. घरचा एक नियम फार कडक होता. पानें कितीहि हलकीं येवोत, तीं खालीं टाकावयाचीं नाहींत. दुर्री-तिर्रीनें हात भरला तरी तोंड वांकडें न करितां डाव शेवटास न्यावयाचा. एखाद्यानें कुरकुर केलीच तर वडील विचारीत, "समोर तुझा भिडू बसला आहे. त्याच्या हातांत काय आहे, हें तुला ठाऊक आहे काय ?"

हा प्रश्न आमच्या मनांत इतका खोल रुजला कीं पुढें सदतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना, आरंभिलेलें कार्य टाकूं नये, हीच गोष्ट आम्हीं मुलांस नाना परींनीं सांगितली. आपण सांगतों त्यास कांहीं मर्यादा असेल, अशी शंकाहि आमच्या मनास कधीं शिवली नाहीं. २०२५ सालच्या गणपतींत मात्र ती शंका आमच्याच ओटीवर येऊन बसली, आणि ती आणली आमच्या नातवानें. (कै. वडील बंधूंच्या मुलाचा हा मुलगा. परंतु एकत्र कुटुंबांत नातू तो नातूच.) त्या शंकेचा जो विचार घरांत झाला तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों. विषय पत्त्यांचा आहे हें खरें. पण ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात तेथें असले विषय पत्त्यांपाशीं थांबत नाहींत.

चिरंजिवांचा कॅट

आमचा हा नातू अठरा वर्षांचा. रासायनिक अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षास असून रोज सकाळीं लोकलनें बोईसरास जातो. विरारची लोकल २०१३ सालीं डहाणूपर्यंत धांवूं लागली तेव्हांपासून पालघर-बोईसर म्हणजे अंगणांतून परसांत गेल्यासारखें झालें आहे. मध्यें उमरोळीचें एक स्थानक काय तें लागतें. संध्याकाळीं घरीं आल्यावर चहा झाला कीं मोबाईलवर त्याचे पत्ते सुरू होतात.

एके दिवशीं त्यास जवळ बसवून आम्हीं हा खेळ समजावून घेतला. खेळाचें नांव "मॅजिक : द गॅदरिंग". १९९३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड गारफील्ड नांवाच्या गणितज्ञानें तो काढिला. आपला कॅट बावन्न पानांचा आणि सर्वांस एकच. या खेळांत पानें हजारों प्रकारचीं, आणि प्रत्येक खेळाडू आपला कॅट आपणच जुळवितो. "अरीना" हें त्याचें संगणकावरील रूप २०१९ सालीं पुरतें सिद्ध झालें. त्यांत "क्विक ड्राफ्ट" म्हणून जो प्रकार नातू खेळतो त्यांत जवळचीं पानें चालत नाहींत. आपणांपुढें पानांचें एक पुडकें उघडतें. त्यांतील एक पान उचलावयाचें. उरलेलें पुडकें शेजाऱ्याकडे सरकतें आणि त्याचें आपणांकडे येतें. अशीं तीन पुडकीं संपलीं म्हणजे चाळीसेक पानें जमतात. त्यांतील तेवीस-चोवीस निवडावयाचीं, त्यांत "जमीन" या नांवाचीं पानें मिळवावयाचीं, आणि चाळीस पानांचा कॅट घेऊन अनोळखी प्रतिस्पर्ध्यांशीं एकामागून एक डाव खेळावयाचे. सात डाव जिंकले किंवा तीन हरले म्हणजे फेरी संपली.

या फेरींत शिरण्यास ५,००० सोन्याचीं नाणीं किंवा ७५० रत्नें पडतात. हीं नाणीं खेळांतलींच. रोज नेमून दिलेलीं कामें करून नातू तीं सांठवितो. फेरीच्या अखेरीस बक्षीस मिळतें. एकहि डाव न जिंकणारास ५० रत्नें, दोन जिंकणारास २००, चार जिंकणारास ४५०, आणि सातहि जिंकणारास ९५०. फेरी मध्येंच सोडतां येते. तोंवर जितके डाव जिंकले असतील तितक्यांचें बक्षीस पदरांत पडतें.

नातवाची रीत अशी कीं कॅट जुळवून झाला, त्यावरून नजर फिरविली, आणि तो मनास आला नाहीं, कीं फेरी सोडून मोकळा. कधीं पहिला डाव हरेपर्यंत धीर धरी. कधीं तेवढाहि नाहीं. महिनाभर सांठविलेलीं नाणीं चार संध्याकाळींत अशीं उडालेलीं पाहून आम्हीं विचारलें, "अरे, खेळून तरी पहा !"

"आजोबा, बींच किडकें निघालें, त्याला पाणी कशाला घालूं ?"

आम्हीं लगेच भर्तृहरीचा आधार काढिला. विघ्नांच्या भयानें कामास हातच न घालणारे ते हलके लोक, विघ्न येतांच थांबणारे ते मधले, आणि वारंवार आघात झाले तरी आरंभिलेलें न टाकणारे ते उत्तम, असा त्यानें नीतिशतकांत विभाग केला आहे. नातू हंसला. "आजोबा, पंचतंत्र तुम्हींच शिकविलेंत ना ? सर्वनाश ओढवला तर शहाणा अर्धें सोडतो आणि उरलेल्या अर्ध्यानें काम भागवितो, असें त्यांत आहे. मग मी शहाणा कीं हलका ?"

सदतीस वर्षें शिकविलेलीं दोन वचनें अशीं समोरासमोर उभीं राहिलेलीं आम्हीं प्रथमच पाहिलीं. त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. "जा, देवापुढें समई लाव," असें म्हणून वेळ मारून नेली, हें येथें कबूल केलें पाहिजे.

त्याच घरांतील उलट खोड

त्याच गणपतींत दुसरी गोष्ट उघडकीस आली. तीहि पत्त्यांचीच. ज्याची ती आहे त्या आमच्या पुतण्याच्या, म्हणजे या नातवाच्या वडिलांच्या, संमतीनें ती लिहीत आहों.

पुतण्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत पाळीवर रसायनज्ञ आहे. रात्रपाळीस जातांना, येतांना, मध्यें विश्रांतीस बसतांना तो मोबाईलवर पैसे लावून रमी खेळूं लागला. दोन वर्षांत सुमारें साठ हजार रुपये गेले. घरांत कोणास पत्ता नव्हता. गणपतीच्या आधीं पांच दिवस, २२ ऑगस्ट २०२५ रोजीं, ऑनलाईन खेळांविषयींच्या नव्या कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाईन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, त्या कायद्यानें मना केले. आणि पुतण्याच्या मोबाईलवरील पैशांची रमी एकाएकीं बंद पडली. दुसरा कोणी असता तर सुटलों म्हणाला असता. हा गृहस्थ मात्र दोन दिवस अन्नावरून उठे. अखेर ऋषिपंचमीच्या रात्रीं त्यानें आम्हांस माडीवर बोलावून सर्व सांगितलें. "काका, आतां परत मिळविण्याची वाटहि उरली नाहीं," हें त्याचें वाक्य होतें. साठ हजार गेले होते ते केव्हांच. ते गेले हें त्यास त्या रात्रीं प्रथम कळलें.

रमीचा एक नियम ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्याकरितां सांगतों. तेरा पानांच्या या रमींत पानें हातीं येतांच, एकहि पान न उचलतां, हात खालीं टाकतां येतो. त्यास २० गुणांचा दंड. एकदां खेळून मग टाकल्यास ४०. शेवटपर्यंत बसलों आणि दुसऱ्यानें डाव लावला, तर हातांत न जुळलेल्या पानांचे जितके गुण होतील तितके जातात. त्यांची कमाल मर्यादा ८०. गुणास अमुक पैसे असा दर ठरलेला असतो.

आम्हीं पुतण्यास विचारलें, "वाईट हात आला असतां तूं वीसांवर कितीदां टाकलास ?"

तो खालीं पाहून म्हणाला, "जवळजवळ कधींच नाहीं. वीस द्यायचे म्हणजे खेळण्याआधींच हरल्यासारखें वाटे. आणि आधींचे गेलेले भरून काढायचे असत."

आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं, आंध्र प्रदेशांतील एका खटल्यांत, रमी हा केवळ दैवाचा खेळ नसून मुख्यतः कौशल्याचा आहे असें म्हटलें होतें. पडलेलीं पानें ध्यानांत ठेवणें, कोणतें धरावें व कोणतें सोडावें हें ठरविणें, हीं कौशल्यें खरींच. परंतु वाईट हात वेळीं टाकणें हें त्यांतील मोठें कौशल्य, आणि आमच्या पुतण्याच्या अंगीं नेमकें तेंच नव्हतें. एका घरांत बाप टाकावयाचें तें टाकीना आणि मुलगा खेळावयाचें तें खेळेना, असा हा प्रकार !

त्रैराशिक

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्हीं बापलेकांस पाटावर समोरासमोर बसविलें आणि वही काढली. उपदेशास आम्हीं कंटाळलों होतों. हिशेबास कोणी कंटाळत नाहीं.

प्रथम रमी. दोघेच खेळत आहेत असें धरा. वाईट हात घेऊन बसलों, आणि जिंकलों तर सरासरीनें ३० गुण मिळतात व हरलों तर ५० जातात, असें समजा. असे आठ हात आले व त्यांतील तीन जिंकले, तर ९० मिळाले. पांच हरले, त्यांचे २५० गेले. निव्वळ तोटा १६०. आतां आठहि वेळां पहिल्या झटक्यास हात टाकला असता तर ? आठ विसें १६०. दोहींकडे तोटा सारखाच ! म्हणून आठांत तीनपेक्षां कमी वेळां जिंकण्याजोगा हात असेल तर तो टाकावा, अधिक वेळां जिंकण्याजोगा असेल तर खेळावा. आपल्या खेळाप्रमाणें आंकडे बदलतील, पण रीत हीच.

मग नातवाचा कॅट. हा कॅट हलका आहे आणि दहांपैकीं चारच डाव जिंकेल असें धरा. चार जिंकतांना सहा हरेल. सहा हारींमागें चार जिती, तर तीन हारींमागें किती ? दोन. म्हणजे तीन हारी होऊन फेरी संपेपर्यंत असा भिकार कॅटहि सरासरीनें सुमारें दोन डाव जिंकून देतो. दोन डावांचीं २०० रत्नें. एकहि न खेळतां सोडला तर ५०. प्रवेशाचीं ७५० दोन्हीं वेळां गेलेलींच आहेत.

नातू वहीकडे पाहत राहिला. "म्हणजे सोडून माझें एक रत्नहि वांचत नव्हतें !"

"नाहीं. फक्त वेळ वांचत होता," आम्ही म्हणालों, "आणि तो वेळ तूं नव्या फेरीचीं नाणीं जमविण्यांत घालवीत होतास."

येथें दोन्हीं खेळांतील भेद स्पष्ट झाला. रमींत हात टाकल्यानें पुढें जाऊं पाहणारे ऐंशी गुण वांचतात. नातवाच्या खेळांत कॅट टाकल्यानें कांहींच वांचत नाहीं, उलट मिळावयाचें तें बुडतें. पानें दोन्हींकडे वाईटच. पण एकीकडे टाकणें शहाणपणाचें, दुसरीकडे अंगचोरपणाचें. तेव्हां डाव टाकावा कीं नाहीं हें पानांच्या वाईटपणावरून ठरवूं नये. टाकल्यानें काय वांचतें आणि खेळल्यानें आणखी काय जाऊं शकतें, यावरून ठरवावें. भर्तृहरि आणि पंचतंत्र यांचें भांडण आमच्यापुरतें येथें मिटलें. एकाचें वचन मिळवावयाचें शिल्लक असतां उपयोगी, दुसऱ्याचें गमवावयाचें शिल्लक असतां.

नातवाच्या हिशेबांतील आणखी एक चूक हिशेब करतांनाच सांपडली. तो आपला कॅट मनांतल्या उत्तम कॅटाशीं ताडून पाही. परंतु समोरच्यानेंहि तसल्याच पुडक्यांतून पानें उचललेलीं असतात. त्याच्याहि हातांत चार पानें नाइलाजाचीं असतात. शिवाय ज्यांची हारजीत सारखी अशांचीच या खेळांत बहुधा गांठ घालून देतात. म्हणजे एक डाव हरलेल्यापुढें हरलेलाच येऊन बसण्याचा संभव अधिक. आपला हात तेवढा वाईट, असें ज्यास वाटतें त्यानें दुसऱ्याचा हात पाहिलेला नसतो.

गेलेलें आणि जाणारें

हें सर्व चाललें असतां पुतण्या गप्प होता. मग तो आपण होऊन बोलला, आणि जें बोलला तें आम्हांस आमच्या सर्व पोथ्यांहून मोलाचें वाटलें.

"काका, कारखान्यांत आम्ही हेंच रोज करतों. एखादी बॅच बिघडली, म्हणजे टाकायची कीं सुधारायची हें ठरवावें लागतें. आंत पडलेला कच्चा माल किती हजारांचा, हें त्या वेळीं कोणी विचारांत घेत नाहीं. तो गेला. पुढें वाफ किती लागेल, द्रावक किती लागेल, किती तास भांडें अडून राहील, आणि सुधारून निघालेला माल किती किमतीचा होईल, एवढेंच पाहतों. आणि तपमान हाताबाहेर जाऊं लागलें तर किमतीचें नांवहि न काढतां थांबवितों. हें सर्व मला येतें. मग रमींत तें कां सुचलें नाहीं ?"

आम्हीं विचार करून सांगितलें, "कारखान्यांत तोटा कारखान्याचा असतो आणि कागदावर दोघांच्या सह्या असतात. रमींत तोटा तुझा होता, आणि तो तूं एकटाच जाणत होतास. गेलेल्या पैशास तूं लाजत होतास, म्हणून तो गेला असें म्हणावयास तयार नव्हतास."

गेलेल्या पैशाची ही ओढ एकट्या आमच्या पुतण्याचीच आहे असें नाहीं. अमेरिकेंतील आर्क्स व ब्लूमर या दोन अभ्यासकांनीं १९८५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यापीठाच्या नाट्यगृहाचीं हंगामाचीं तिकिटें घेण्यास आलेल्यांपैकीं कांहींस पुरत्या किमतीस व कांहींस सवलतीनें तिकिटें दिलीं. कोणास सवलत मिळावी हें चिठ्ठ्या टाकल्यासारखें ठरविलें होतें. नाटकें तींच, आसनें तींच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागांत पुरती किंमत भरलेले लोक अधिक नाटकांस गेले. नाटकाची गोडी त्यांस अधिक होती असें नाहीं. पैसे अधिक गेले होते, एवढेंच. लग्नाच्या पंक्तींत आहेराची रक्कम आठवून चौथा लाडू मागणारा गृहस्थ आपल्यांपैकीं कोणीं पाहिला नाहीं ?

याविषयीं आमच्या घरांत सर्वांस रुचला तो दाखला नळराजाचा. वनपर्वांत बृहदश्व ऋषि ही कथा युधिष्ठिरास सांगतात. म्हणजे एका द्यूतांत हरलेल्यास दुसऱ्या हरलेल्याची. नळ पुष्कराशीं खेळत राहिला, राज्य गेलें, मंत्र्यांचें ऐकेना, पत्नीचें ऐकेना. तेव्हां दमयंतीनें काय केलें ? रडत बसली नाहीं. जें अजून गेलें नव्हतें तें तिनें आधीं सोडविलें. वार्ष्णेय सारथ्यास बोलावून दोन्हीं मुलें विदर्भांत माहेरीं पाठवून दिलीं. आणि शेवटीं पुष्कर म्हणाला कीं आतां दमयंतीस पणास लाव, तेव्हां नळानेंहि डाव टाकला. अंगावरचे दागिने उतरून ठेवून तो उठला. युधिष्ठिर त्या जागीं उठला नाहीं, आणि पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. नळ मात्र ऋतुपर्णापाशीं अक्षविद्या शिकून पुन्हां त्याच पुष्करासमोर बसला आणि जिंकला. टाकलेला डाव कायमचा टाकलेला नसतो. शिकून परत येतां येतें. कथा ऐकून सूनबाई दारांतून म्हणाल्या, "काका, या कथेंत शहाणपण दमयंतीचें आहे, हें या दोघांस नीट समजावून सांगा." आम्हीं तें दोनदां सांगितलें.

आमचा स्वतःचा टाकलेला डाव

इतकें झाल्यावर विषय संपला असें आम्हांस वाटलें. पण नातू उठतां उठतां म्हणाला, "आजोबा, मग तुम्हीं बी. ए. कां सोडलेंत ?"

हा प्रश्न घरांत चाळीस वर्षांत कोणीं विचारला नव्हता. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, १९७४ सालचे. संस्कृत घरीं वडिलांपाशीं व पुढें एका शास्त्रीबुवांपाशीं झालें. शाळेंत लागल्यावर बाहेरून परीक्षा देत देत पदवीपर्यंत जावें असा बेत १९८१ सालीं केला. पहिल्याच परीक्षेंत संस्कृत, मराठी व इतिहास हे विषय सुटले. इंग्रजी आणि अर्थशास्त्र राहिले. पुन्हां बसलों, पुन्हां तेच दोन राहिले. त्या निकालाच्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींत एकानें आमचे गुण मोठ्यानें वाचून दाखविले आणि चारजण हंसले. आम्हीं घरीं येऊन पुस्तकें माळ्यावर ठेविलीं. वेळ मिळत नाहीं, असें सर्वांस सांगितलें, आणि हळूहळू तें आम्हांसहि खरें वाटूं लागलें.

आतां वहींतल्या रीतीनें पाहतां आमची चूक स्पष्ट दिसते. सुटलेले विषय सुटलेलेच राहणार होते. आणखी एकदां बसल्यानें फीचे थोडे रुपये आणि पावसाळ्याच्या कांहीं रात्रीं, यांपलीकडे कांहीं जाणार नव्हतें. मिळण्याजोगें पुष्कळ होतें. आम्हीं डाव टाकला तो पानांस भिऊन टाकला नाहीं. पाहणारांच्या हंसण्यास भिऊन टाकला. आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गांत उभे राहून, आरंभिलेलें टाकूं नये, हें शिकवीत राहिलों. हें नातवास सांगतांना आमचा आवाज जरासा बसला. तोहि कांहीं बोलला नाहीं.

मग हळूच त्यानें आपली गोष्ट काढली. दोन विषय राहिले होते. पदविका सोडून वाणिज्य शाखेस पहिल्यापासून आरंभ करावा असें त्यानें मनाशीं ठरविलें होतें. चौकशीहि करून आला होता. हें ऐकतांच पुतण्या उसळला, "आजवर भरलेली फी गेली कुठें ?" आम्हीं त्यास थांबविलें. "फीचें नांव काढूं नकोस. तीं साडेसातशें रत्नें आहेत, तीं गेलीं. पुढचें मोज."

पुढचें मोजलें. पदविकेचीं राहिलेलीं दोन वर्षेंहि नव्हतीं. वाणिज्यास आरंभापासून बसावें तर निदान तीन. जे विषय सुटले ते सुटलेले. जे दोन राहिले ते हिवाळ्यांत पुन्हां देतां येण्याजोगे. रसायन आवडत नाहीं काय, असें विचारलें. तर आवडतें, म्हणाला. "मग अडलें कोठें ?" बराच वेळानें उत्तर आलें : बरोबरचीं मुलें पुढें गेलीं, तीं पाहतात. आमचीच शिक्षकांची खोली ती ! रसायन खरोखर आवडत नसतें तर, जा बाबा, आजच सोड, असें आम्हीं सांगितलें असतें. पण हंसण्यास भिऊन सोडूं नको, एवढें म्हणण्याचा अधिकार आम्हांस आमच्या चुकीनेंच दिला होता.

तीन प्रश्न

या सर्वांतून घरापुरते तीन प्रश्न आम्हीं ठरविले व ते सूनबाईंनीं फळीवरच्या वहींत लिहून ठेविले. पहिला : गेलेलें बाजूस ठेवून, यापुढें सोडल्यानें काय वांचतें आणि राहिल्यानें काय मिळूं शकतें ? दुसरा : आपण सोडतों तें हिशेबानें, कीं लाजेनें ? न सोडणारानेंहि हाच प्रश्न स्वतःस विचारावा. तिसरा : या डावांत आपला कोणी भिडू आहे काय ? नातवाच्या खेळांत तो एकटा असतो. त्यानें सोडलें तर त्याचें एकट्याचें जातें. मेंढीकोटांत, घरांत, नोकरींत समोर दुसरा बसलेला असतो, आणि त्याच्या हातचीं पानें आपणांस दिसत नाहींत. तेथें टाकण्यापूर्वीं त्याच्याशीं बोलावें. पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं सूनबाईंशीं एक शब्द बोलला असता तर साठ हजारांचे पांच हजारांवर भागलें असतें.

पैसे लावलेल्या डावाविषयीं घरचा निकाल मात्र निराळा झाला. त्यांत उत्तम रीतीनें हात टाकण्यापेक्षां हातच न लावणें उत्तम. या ठरावास सूनबाईंचें मत पहिलें पडलें.

पुढें काय झालें तें सांगून लेख पुरा करतों. नातवानें त्याच आठवड्यांत एक अगदीं फुटकळ कॅट शेवटपर्यंत खेळून पाहिला. तीन डाव जिंकला, तीन हरला. ३०० रत्नें मिळालीं. पण त्यापेक्षां, आपण महागडीं पानें उचलण्याच्या नादांत आरंभीं टाकावयाचीं स्वस्त पानें उचलीतच नाहीं, हें त्यास तेव्हां कळलें. टाकून दिलेल्या कॅटांनीं तें त्यास कधीं सांगितलें नसतें. हिवाळी परीक्षेंत दोहोंपैकीं एक विषय सुटला. दुसऱ्यास तो पुन्हां बसणार आहे. पुतण्या दर महिन्यास ठराविक रक्कम सूनबाईंच्या हातीं देतो आणि साठ हजारांविषयीं आतां कोणी बोलत नाहीं. आम्हीं माळ्यावरचें इंग्रजीचें पुस्तक खालीं काढिलें आहे. परीक्षेस बसूं कीं नाहीं हें ठाऊक नाहीं. त्यावरील धूळ मात्र पुसली.

परवां रविवारीं बऱ्याच दिवसांनीं ओटीवर मेंढीकोट बसला. नातू आमचा भिडू होता. पानें हातीं घेतांच त्याचा चेहरा पडला. दुर्री, तिर्री, पंजी असलाच तो हात असावा. त्यानें क्षणभर आमच्याकडे पाहिलें, कांहीं बोलला नाहीं, आणि पहिलें पान खेळला. आमच्या हातांत दोन मेंढ्या होत्या.